नखाखालचं हिरवं

पेट्रोलबरोबर तेल जळाल्याचा वास थंडीत वर जात नाही. जमिनीलगत सरकत राहतो आणि कुंपणाखालून आत येतो. आज सकाळी तो आला तेव्हा मी दाढी करत होतो. मागच्या बागेत कोणीतरी पाठीवरचा फवारणी पंप चालू केला होता. आवाजावरून कळलं की औषधाची टाकी रिकामी आहे आणि नुसत्या हवेने झाडाखालची पानं उडवणं चाललं आहे. वासावरून कळलं की तेल जास्त पडलंय. लिटरभर पेट्रोलला चाळीस मिली पुरतं, यांनी साठ तरी घातलं असेल. दोन दिवसांत प्लग काळा होणार. हे सगळं मला आरशात पाहता पाहता समजलं, आणि समजलं याचाच राग आला.

पौष सरून माघ लागतो ते आमच्याकडे बागा ताणावर असण्याचे दिवस. बाहेरगावचा माणूस या दिवसांत पांढुर्ण्याहून सौंसरकडे बसने गेला तर त्याला वाटेल, या मुलखातल्या संत्र्यांना काहीतरी रोग लागला आहे. रोग नसतो. बागेचं पाणी मुद्दाम तोडलेलं असतं. महिना-दीड महिना झाडाला थेंब मिळत नाही. पानं पिवळी पडतात, कोकडतात, गळतात. मग एके दिवशी पाणी सोडायचं, आणि दोन-तीन आठवड्यांत तेच झाड पांढऱ्या फुलांनी लगडतं. झाडाला मरणाची भीती दाखवून फूल काढून घ्यायचं, असा हा प्रकार. किती दिवस भीती दाखवायची ते जमिनीवर ठरतं. काळी भारी जमीन असेल तर जास्त, मुरमाड असेल तर कमी. ज्याला हे दिवस कळले त्याला बाग कळली, असं आमच्याकडे म्हणतात. मला वाटायचं, मला कळले आहेत.

अंगणात अक्का झाडत होती. अक्का माझी मोठी बहीण. सहा वर्षांपूर्वीच्या होळीनंतर ती माझ्या घरी राहायला आली, तेव्हापासून अंगणातला खराटा तिच्याकडे आहे. तिचं झाडणं मी रोज ऐकतो. एक लांब, दोन आखूड. मागच्या बागेतला पंप सुरू झाला तसा तिचा खराटा थांबला. पुन्हा सुरू झाला तो पंप बंद झाल्यावर.

नऊच्या सुमारास गुणवंत मास्तर आले. ते नदीपलीकडे सावरगावच्या शाळेत शिकवतात, राहतात आमच्या गल्लीत. त्यांना पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घ्यायची होती, आणि अशी करवत म्हटली की गावातली माणसं माझ्याकडे येतात.

"भाऊ, सोळा इंची घेऊ का वीस?" ओट्यावर टेकता टेकता त्यांनी विचारलं.

"कापायचं काय आहे?"

"अंगणात एक कडूलिंब हाये, छपरावर येऊन राहिला. अन् सासऱ्याची बाग हाये न सावरगावले. अडीचशे झाडं. सल लय झाली हाये म्हणते."

सल म्हणजे झाडावर वाळून गेलेल्या काड्या आणि फांद्या. मी मास्तरांना म्हटलं, साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी घरच्या कामाला सोळा इंची पुष्कळ झाली. वीस इंची हातात जड होते, आणि दमलेल्या हातातली करवत आधी माणसाला कापते, मग लाकडाला. जुनी घेत असाल तर विकणाऱ्याने दोरी ओढण्याआधी इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधी त्याने चालवून ठेवली आहे. थंड मशीन तिसऱ्या ओढीत चालू झाली तरच घ्या. साखळी कुठे मिळते ते आधी विचारा, मशीनचं नंतर. मास्तर मान हलवत होते. मी बोलत होतो आणि माझाच आवाज मला परक्यासारखा ऐकू येत होता. याच आवाजात मी अक्काशीही बोललो होतो.

अक्काची बाग सौंसरपासून दोन मैलांवर होती. सगळे तिला साठ झाडांची बाग म्हणत. मी मोजली तेव्हा अठ्ठावन्न निघाली. भाटवे, म्हणजे अक्काचे यजमान, अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. शेत सामाईक, कागदावर नाव तिच्या दिराचं, नामदेवरावांचं. नामदेवराव वाईट माणूस नव्हते. त्यांना त्या जागेवर कापूस हवा होता, कारण शेजारच्या सगळ्या तुकड्यांत त्यांचा कापूस होता आणि मधली ती बाग त्यांच्या नजरेला खुपत होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर बसून म्हणाले, "वहिनी, दोन वर्षं झाली, बागेनं धड फूल धरलं नाई. या होळीपर्यंत फूल दिसलं तर बाग तुमची, जन्मभर. मी बोट लावणार नाई. नाई दिसलं तर काढून टाकू. तुमी आमच्या घरी या, एक खोली देतो."

अक्का दाराआड उभी होती. ती म्हणाली, "मधू पाहील बाग. तो मोजूनमापून करते."

म्हणजे मी. सिंचाई खात्यात माझं कामच मोजमापाचं. कालव्याची खोली, पाण्याचा वेग, पाटाला गेलेले तास. माझ्या वहीत खाडाखोड नसायची. साहेब नव्या माणसांना माझी वही दाखवत. अक्काने ते कुठेतरी ऐकलं होतं आणि त्या बळावर तिने आपलं घर, आपली चूल, आपली बाग माझ्या हाती दिली. दुसऱ्याच्या घरच्या एका खोलीत जायचं की आपल्या बागेशेजारी राहायचं, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर होळीच्या आत अठ्ठावन्न झाडांवर यायचं होतं.

मी पंचेचाळीस दिवसांचा ताण धरला. हा आकडा पांढुर्ण्याच्या काळ्या जमिनीचा. अक्काच्या बागेत हातभर खाली मुरूम होता, हे मला माहीत होतं. मी मुरमाची खोलीही मोजली होती. पण मी असा हिशेब केला की दोन वर्षं फूल धरलं नाही म्हणजे ताण कमी पडला असणार. म्हणून आकडा वाढवला. तिथे तीस दिवस खूप झाले असते. पंचेचाळिसाव्या दिवशी मी आठ दिवसांची रजा टाकून सौंसरला उतरलो तेव्हा आजूबाजूच्या बागा पिवळ्या होत्या आणि आमची उघडी होती. झाडं म्हणजे नुसत्या काड्या. काही फांद्यांवर मात्र तपकिरी पानं अजून लटकलेली होती. मला त्या फांद्यांचा मोठा आधार वाटला. म्हटलं, इतक्या तरी वाचल्या.

माझी साखळीची करवत, ती मशीन, मी त्याआधीच्या दिवाळीत घेतली होती. छिंदवाड्याकडच्या जंगलात काम करणाऱ्या एका ठेकेदाराची जुनी मशीन, नारिंगी रंगाची, दांडीजवळ रंग उडालेली. घ्यायच्या आधी मी तीन रविवार ती पाहायला गेलो. साखळीचे दात मोजले, अठ्ठावीस. चौदा डावे, चौदा उजवे. घरी आणून प्रत्येक दात गोल कानशीने उजळला, प्रत्येकाला तीनच हात, एकाच कोनात, एकाच दिशेने. एक दात दुसऱ्यापेक्षा लांब राहिला तर कापताना करवत एका अंगाला ओढते. तेल मोजायला खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण ठेवलं होतं. लिटरला चार झाकणं. हवेची जाळी दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात. प्लगची फट हॅकसॉच्या पात्याने पाहायची. बायको म्हणायची, "पोरीची वेणी बी इतक्या मायेनं नाई घातली तुमी कधी." खरं होतं ते.

रजेचा पहिला दिवस पानांत गेला. बागेत पानांचा खच पडला होता. ओळखीच्या एका बागायतदाराचा पाठीवरचा फवारणी पंप मी मागून आणला, टाकी तीनदा धुतली, औषधाची नळी काढली आणि नुसती हवा सोडली. अक्का त्याआधी दोन दिवस खराट्याने झाडत होती. दोन दिवसांत तिची एक ओळ झाली होती, कारण ती प्रत्येक झाडाखाली थांबून वर पाहायची. माझी एक ओळ अठरा मिनिटांत झाली. धूळ आणि आवाज इतका की मी तिला घरी पाठवलं. ती खराटा घेऊन बांधावर जरा वेळ उभी राहिली. काहीतरी बोलली असावी. पाठीवर इंजिन असताना माणसाला दुसऱ्याचे नुसते ओठ दिसतात. संध्याकाळपर्यंत अठ्ठावन्न आळी धुतल्या ताटासारखी स्वच्छ झाली, आणि मी फार समाधानाने जेवलो.

दुसऱ्या दिवशी देवाजी आला. देवाजी लोधीखेड्याचा. पन्नाशी उलटलेला, बारीक, कोरड्या विनोदाचा माणूस. त्या भागातल्या निम्म्या बागांची सल तोच काढायचा. कमरेला फडक्यात गुंडाळलेली एक वाकडी करवत, आणि उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, जाड, कडेला हिरवट पिवळं. त्याची रीत अशी: फांदी धरायची, नखाने साल खरवडायची, खाली पाहायचं. हिरवं असेल तर सोडायची. तपकिरी असेल तर वीतभर खाली सरकून पुन्हा खरवडायची. हिरवं लागलं की त्याच्या बोटभर वर करवत. दिवसाला चार झाडं. अठ्ठावन्न भागिले चार, साडेचौदा दिवस. माझ्याकडे सात उरले होते.

देवाजीने बागेकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"भाऊ, पहिले पाणी सोडा. पंधरा दिवस थांबा. मंग जे हिरवं होणार नाई ते काढू."

"मेलेल्या फांदीले पाणी कशाले पाजायचं, देवाजी? पहिले वाळलेलं काढू, म्हणजे सगळं पाणी जित्या फांदीले जाईल. अन् पंधरा दिवस आणू कुठून? आठ दिवसांची रजा हाये."

"रजा तुमाले हाये जी. झाडाले थोडीच हाये."

मी हसलो. तोही हसला. मग त्याने अंगठा वर करून दाखवला. "मशीनले नख नाई न पण."

"नख लावायले दिवस लागतात."

"हाव. लागतात."

एवढंच बोलणं झालं. मी त्याला कापलेल्या फांद्यांचे ढीग करायला सांगितलं. आज लिहिताना ती गोष्ट मला झाडांपेक्षा जास्त टोचते. तीस वर्षं बागा वाचणाऱ्या माणसाला मी काटक्या गोळा करायला लावलं, आणि त्याने ते काम नीट केलं. ढिगांची टोकं एका रेषेत होती.

मशीन चालू असताना काय होतं ते ज्याने चालवली नाही त्याला सांगून कळणार नाही. ती हातात थरथरते, पेट्रोल जळत असतं, साखळी रिकामी फिरत असते. त्या रिकाम्या फिरण्याची माणसाला लाज वाटते. म्हणून तो पुढची फांदी शोधतो. हातकरवतीने फांदी कापायला कष्ट पडतात, म्हणून कापायच्या आधी माणूस दहादा विचार करतो. मशीनमध्ये उलटं आहे. थांबायलाच कष्ट पडतात. उघडी फांदी दिसली की मी कापत गेलो. जिच्यावर पानं होती ती ठेवत गेलो. माझा नियम सरळ होता: पान आहे ते जिवंत, पान नाही ते मेलेलं. चार दिवसांत एकेचाळीस झाडं झाली. रोज संध्याकाळी साखळी उतरवून धुतली, दातांना कानस लावली, पट्टीच्या खाचेतला भुसा काडीने काढला. भुसा ओला होता. बोटांना चिकटत होता. त्याला संत्र्याच्या सालीसारखा कडवट वास येत होता. मला तो वास आवडला.

ओल्या भुशाचा अर्थ कुठलाही सुतार सांगेल. मी तो काडीने उकरून फेकत होतो.

सहाव्या दिवशी दुपारी अक्का भाकरी घेऊन आली. मशीन बंद होती, मी प्लग पुसत बसलो होतो. देवाजी हातपाय धुवायला विहिरीवर गेला होता. अक्का ढिगाजवळ टेकली. भाकरीचं फडकं सोडता सोडता तिने एक फांदी ओढली, करंगळीएवढी, आणि सहज, भाजी निवडताना देठ मोडून पाहावा तसं, नख ओढलं. मग दुसरी घेतली. मग तिसरी. तिसरी तिने माझ्याकडे दिली.

सालीखाली हिरवं होतं. ओलं, पोपटी. चार दिवस तुटून पडलेल्या फांदीत.

"मधू, पान गळलं ते जितं असते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "झाड जितं असते तवाच पान सोडते. जी फांदी मरते तिच्यात पान सोडाचीबी ताकत राहत नाई. ते वाळून तसंच लटकते." तिने न कापलेल्या फांद्यांवरची तपकिरी पानं दाखवली. "ते मेलं हाये. ते ठेवलं तू."

मी विचारलं, "मग सांगितलं काऊन नाई?"

"झाडून राहिली होती तवा पाहून ठेवलं होतं मी. कोण्या झाडाखाली किती पानं पडली, कोणतं जितं हाये. एका ओळीचं ध्यानात होतं. बाकीची तू उडवून टाकली." आणि भाकरीचं फडकं माझ्यापुढे सरकवत, "सांगत होती बांधावरून. तुले ऐकू नाई आलं."

ती भाकरी वाढून घरी गेली. मी खाल्ली नाही. ढिगाशी बसलो आणि मोजायला लागलो. दुसरं काही येत नव्हतं. शंभर फांद्या घ्यायच्या, प्रत्येकीला नख लावायचं, हिरव्या उजवीकडे, वाळलेल्या डावीकडे. देवाजी विहिरीवरून आला आणि समोर बसून फांद्या देऊ लागला. उजवीकडे त्र्याहत्तर झाल्या. डावीकडे सत्तावीस. माझ्या वहीत इतका स्वच्छ आकडा त्याआधी कधी उतरला नव्हता. माझं नख मुळाशी दुखत होतं आणि त्याच्या कडेला हिरवट पिवळा रंग चढला होता.

त्याच संध्याकाळी पाणी सोडलं. रजेचे उरलेले दिवस मी आळी भरत राहिलो. मशीन गोणपाटात गुंडाळून ठेवली, ठेवण्याआधी पुसली.

कापलेल्या झाडांनी जीव धरला, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांना पालवी फुटली ती कशी? जाड, सरळ, काटेरी पाणसोट, हातभर लांब, गडद हिरवे. बघायला टवटवीत, फुलाचं नाव नाही. झाड घाबरलं होतं. फूल सोडून ते अंग भरायला लागलं होतं. ज्या सतरा झाडांपर्यंत मी पोचलो नव्हतो, ती मात्र फुलली. इतकी फुलली की बांधावरून वास यायचा. बस रस्त्याला थांबली की सौंसरला उतरणारी माणसं मान वळवून विचारत, बाग कोणाची. फाल्गुनात मी प्रत्येक रविवारी जायचो आणि त्या सतरांजवळ उभं राहायचो नाही.

होळीच्या आदल्या दिवशी नामदेवराव आले. सगळ्या बागेत एक फेरी मारली, हात मागे बांधून. एकदाही उणं बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता आलं असतं. शेवटच्या ओळीशी थांबून म्हणाले, "एकेचाळीस अन् सतरा. बरोबर न मधुकरराव? तुमचं मोजमाप पक्कं असते." अठ्ठावन्नांत सतरा म्हणजे बागेने धड फूल धरलं नाही, हे मलाही मान्य करावं लागलं. मग त्यांनी गोणपाटातल्या मशीनकडे पाहिलं. "मशीन मात्र झकास हाये. एक दिवस द्या न आमच्या माणसाले. साफ करून टाकू सगळं."

मी म्हटलं, "दुसऱ्याच्या हाती देत नाही मी. साखळी खराब होते."

"मंग तुमीच या."

आणि मी गेलो. हे मला लिहायचं नव्हतं, पण हे गाळलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही. धुळवडीनंतरच्या रविवारी मी ती अठ्ठावन्न झाडं स्वतःच्या हाताने जमिनीलगत कापली. सतरा फुललेली त्यातच होती. का गेलो, याची उत्तरं मी सहा वर्षांत पुष्कळ तयार केली. बाग तशीही जाणारच होती. त्यांच्या माणसाने कुऱ्हाडीने झाडं फोडून काढली असती, मी निदान एका घावात नेली. होळीची बोली आपणच मान्य केली होती. यातलं एकही उत्तर नख लावल्यावर टिकत नाही. खरं एवढंच की नाही म्हणायला तोंड लागतं, आणि ते मी त्या ढिगाशी ठेवून आलो होतो. करायचं ते काम नीट करायची सवय तेवढी शिल्लक होती. फुललेलं झाड पडताना आवाज कमी होतो. फुलं आधी जमिनीला लागतात. दुपारपर्यंत माझ्या केसांत, कॉलरीत, साखळीच्या झाकणात पाकळ्या अडकल्या होत्या. संध्याकाळी त्या मी ब्रशने काढल्या.

अक्का त्या दिवशी घरी भांडी बांधत होती. दिराच्या खोलीत जायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. मी गेलो तर ती पितळी पातेल्यात पेंढा भरत होती. वर न पाहता म्हणाली, "आवाज थांबला तवा समजलं झालं म्हणून. हात धू. जेवून घे."

त्यानंतर त्या बागेबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माहेरी सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा, बहिणीला घरी आणली. माझ्या तोंडावर म्हणाले, तिच्यासमोर म्हणाले. तिने मान हलवली. देवाजी दोन वर्षांपूर्वी बाजारात भेटला. "बरं हाये न भाऊ?" म्हणाला. मी म्हटलं, बरं आहे. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कापलेलं होतं. म्हणाला, आता बागेवाले मशीनवाल्यालेच बोलावतात, मी कपाशी निंदायले जातो.

मशीन अजून माझ्याकडे आहे. वर्षातून दोनदा मी ती काढतो. पेट्रोल रिकामं करून ठेवतो, प्लगच्या भोकात तेलाचे चार थेंब सोडून दोरी दोनदा ओढतो, पट्टी उलटी करून बसवतो म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. त्या रविवारनंतर तिने एक काडी कापलेली नाही. अठ्ठावीस दात आहेत तसे आहेत. विकायला काढली नाही, देऊन टाकली नाही. घराच्या कोपऱ्यात ती गोणपाटात खुंटीला लटकून आहे.

मास्तरांना मी हे काही सांगितलं नाही. साखळीचा ताण कसा पाहायचा ते सांगितलं, कानस कोणत्या मापाची ते सांगितलं, पट्टीच्या टोकाने कधी कापायचं नाही हे दोनदा सांगितलं. त्यांनी सगळं कागदावर लिहून घेतलं. उठले तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही.

"मास्तर, सासऱ्याची बाग ताणावर आहे ना आता?"

"हाव. चाळीस दिवस झाले."

"पहिले पाणी सोडायला सांगा. मग कापायच्या आधी प्रत्येक फांदीला नख लावून पाहा. हिरवं असलं तर सोडा. अन् पानं उडवू नका."

मास्तर हसले. देवाजीसमोर मी हसलो होतो, अगदी तेच हसणं. "काय भाऊ. अडीचशे झाडं हायेत. मशीन घेऊन मंग नख कोण लावते?"

माझ्याकडे उत्तर होतं. एकेचाळीस, सतरा, त्र्याहत्तर, सत्तावीस. पण त्यासाठी अक्काच्या देखत तोंड उघडावं लागलं असतं. खराटा थांबला होता. ती कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहत होती. मास्तरांनी तिलाच विचारलं, "काय अक्का, घेऊ का मंग मशीन? तुमीच सांगा."

अक्काने पानांचा छोटा ढीग खराट्याने सारखा केला.

"घ्या न मास्तर," ती म्हणाली. "मधू सांगते तसं तेलपाणी करा. मशीनले काई होत नाई."